दाराचं बटण अडकतंय, पायात पाणी यायलंय : जीपची ही दुरुस्ती आपल्याला जमते



मिरगाच्या आधी आपण किती तयारी करतो! पत्र्याचे खिळे बघतो, पन्हळ साफ करतो, सरपण आडोशाला ठेवतो, बियाण्याच्या थैल्या उंचावर मांडतो. पण अंगणात उभ्या असलेल्या जीपकडं कुणी बघत नाही. चालू होतीय ना, ब्रेक लागतोय ना, मग झालं. आणि पहिल्या मोठ्या पावसात दोन तक्रारी येतात. एक, "ताई, दार उघडंना." दुसरी, "ताई, पायात पाणी यायलंय."

या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण बहुतेक वेळा त्या सख्ख्या बहिणी असतात. दोघींचं मूळ एकच, दारात अडकून पडलेलं पाणी आणि माती. हे कसं, आणि घरच्या घरी त्याला काय करायचं, ते या लेखात सांगते.

त्या रात्री काय झालं

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री साडेअकराला वस्तीवरून निरोप आला, एका सुनेला कळा सुरू झाल्यात. गटाची जीप काढली. पाऊस धो-धो. औंढ्याला दवाखान्याच्या दारात पोचलो, आणि मागच्या दाराचं बटण दाबलं ते आतच जाऊन बसलं. बाहेर येईना, दार उघडंना. आतून कळ ओढली, तीही चालंना. सून आत विव्हळतेय, सासू बाहेर रडतेय, आम्ही दोघी पावसात दार हिसकतोय. शेवटी पुढच्या सीटची पाठ पाडून तिला कसंबसं पुढच्या दारातून बाहेर काढलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण ती पाच मिनिटं मी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं दाराचा आतला पॅड काढला. आत काय निघालं? काळ्या मातीचा चिखल, चिकट झालेलं जुनं तेल आणि तळाशी साचलेलं पाणी. त्यानं खालच्या कडेला एक तार घातली, तसं गढूळ पाणी भळाभळा वाहिलं. लॉक धुतलं, वाळवलं, दोन थेंब तेल सोडलं, आणि बटण नव्यासारखं चालायला लागलं. नवीन काहीच टाकावं लागलं नाही. मी विचारलं, "हे आम्हाला जमलं असतं का?" तो हसला. म्हणला, "ताई, एवढ्याएवढ्यासाठी लोक इथं येतात, म्हणून तर माझं चालतं."

खरं सांगायचं तर चूक आमचीच होती. आठ दिवस बटण जड लागत होतं. आम्ही रोज थोडा जास्त जोर लावत होतो आणि पुढं जात होतो.

गाडी बाईच्या नावावर, मग दुरुस्ती कुणाची?

२०१७ मध्ये केंद्र सरकारनं आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली. बचत गटातल्या बाईनं गाडी घ्यावी आणि जिथं एसटीची सोय नाही तिथल्या वाड्या-वस्त्यांना दवाखाना, शाळा, बाजार यांच्याशी जोडावं, असा तिचा हेतू. योजनेतून असो की गटाच्या कर्जातून, गाडी घेणाऱ्या बाया आता गावोगावी दिसतात. पण बोनेट किंवा दार उघडायची वेळ आली की बाई बाजूला सरकते आणि घरातला कुणी पुरुष नाहीतर मिस्त्री पुढं येतो. तो जे सांगेल ते खरं, तो जे मागेल ते बिल.

लक्षात ठेवा, हप्ता आपल्याला फेडायचाय. गळणाऱ्या गाडीचा पत्रा आतून सडतो. कर्ज फिटायच्या आत पत्र्याला भोक पडलं, तर गाडी विकताना घेणारा पहिल्यांदा मॅट उचलून खालचा पत्रा बघतो आणि भाव पाडतो. आणि जे दार वेळेला उघडत नाही, त्याची किंमत पैशात मोजता येत नाही.

जीप गळते, कारण तिचा जन्मच उघड्यावरचा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी जीप बनली तेव्हा तिला पक्कं छत नव्हतं आणि दारंही नव्हती. वर कापडी हूड, बस्स. स्वातंत्र्याच्या सुमाराला महिंद्रा कंपनीनं मुंबईत तीच विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढं तिच्यावर लोखंडी टप चढला, दारं आली, काचा आल्या. आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलेल्या काळ्या-पिवळ्या त्याच घराण्यातल्या. सपाट पत्रे एकमेकांना जोडलेले, काचा रबरात बसवलेल्या, दारं बिजागरीवर लटकलेली. जिथं जोड आहे तिथं पाण्याला वाट आहे. त्यात आपले खड्ड्यांचे रस्ते. गाडी रोज हादरते, जोड सैल होतात, रबर घासतं. म्हणून जीप गळायला लागली तर घाबरायचं नाही. वाट शोधायची आणि बंद करायची.

दाराच्या आत पाणी जातंच. ते बाहेर निघालं पाहिजे

ही गोष्ट नीट समजून घ्या, सगळा लेख हिच्यावरच उभा आहे.

दार म्हणजे दोन पत्र्यांमधली पोकळ पेटी. काच खाली केली की ती याच पेटीत उतरते. काचेच्या बाहेरच्या बाजूला एक रबराची पट्टी असते, पण ती काही पाणी पूर्ण अडवत नाही. पाऊस पडला की काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी दाराच्या पेटीत जातंच. दार बनवणाऱ्याला हे माहीत असतं. म्हणून तो दाराच्या अगदी खालच्या कडेला दोन-तीन बारीक भोकं किंवा फटी ठेवतो. वरून आलेलं पाणी खालून निघून जातं. शेतात चर काढतो ना आपण, तसंच.

आता आपल्याकडची माती आठवा. कोरडी असताना पिठासारखी उडते, ओली झाली की गोंदासारखी चिकटते. उन्हाळ्यात उडालेला फुफाटा काचेच्या फटीतून दारात उतरतो. पावसाचं पाणी आलं की त्याचा चिखल होतो आणि भोकं बुजतात. चर बुजला की वावरात पाणी तुंबतं, तसं दारात पाणी तुंबतं. तुंबलेलं पाणी मग तीन नुकसानं करतं. दाराचा पत्रा तळातून गंजवतं. आतल्या लॉकला, दांड्यांना, स्प्रिंगांना गंज आणि चिखल चढवतं, मग बटण अडकतं. आणि जास्त झालं की आतल्या पॅडमधून गाडीत, म्हणजे आपल्या पायात येतं.

म्हणून पहिलं काम भोकं मोकळी करायचं. दार उघडा, खाली वाका, खालच्या कडेवरून बोट फिरवा. फटी सापडतील. केरसुणीची काडी, प्लास्टिकची पट्टी किंवा बोथट तार घालून चिखल काढा. मग दार लावून, काच बंद करून बाहेरून काचेवर एक तांब्या पाणी हळूहळू ओता. मिनिटभरात दाराच्या खालून टपटप पाणी पडलं पाहिजे. पडलं नाही तर अजून भोक बुजलेलंच आहे. हीच परीक्षा सगळ्या दारांना लावा.

बटण का अडकतं, ते आधी ओळखा

काही जीपना बाहेरून अंगठ्यानं दाबायचं बटण असतं, काहींना ओढायची कळ. आतलं काम सारखंच. बटण दाबलं की ते एक पट्टी ढकलतं, पट्टी दांडी ओढते, दांडी लॉकचा आकडा सोडते. दाराच्या चौकटीवर एक खुंटी असते, तिला हा आकडा धरून बसलेला असतो. आकडा सुटला की दार उघडतं, आणि बटणाला परत बाहेर ढकलायला स्प्रिंग असते. यात कुठंही खोट आली की बटण अडकतं. तेल ओतायच्या आधी खोट कुठंय ते बघा.

बटण आत जातच नाही : आधी किल्लीनं लॉक उघडलंय का बघा. उघडं असूनही जात नसेल तर बटणाच्या भोवती माती बसलीय किंवा गंज चढलाय.

बटण आत जातं, पण बाहेर येत नाही : जुनं तेल चिकट झालंय, नाहीतर स्प्रिंग तुटलीय किंवा मऊ पडलीय.

बटण सहज आत-बाहेर होतं, पण दार उघडत नाही : आतल्या दांडीची क्लिप निघालीय. बटण बिचारं ठीक आहे, त्याचा निरोपच पुढं पोचत नाही.

फक्त मागचं दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं : काही गाड्यांना मागच्या दाराच्या कडेला लहान मुलांसाठी एक छोटी कळ असते. ती चुकून लागली की दार आतून उघडत नाही. दार उघडून ती कळ बघा, मगच मिस्त्रीकडं जा.

आता एक सोपी परीक्षा. दार पूर्ण उघडा. उघड्या दाराच्या कडेला लॉकचा आकडा दिसतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं तो फिरवून बंद स्थितीत न्या. आता बाहेरून बटण दाबा. आकडा पटकन सुटला तर बटण आणि लॉक चांगलं आहे. मग दार लावल्यावरच जड का लागतं? कारण दार लोंबलंय. बिजागरी झिजली की दार खाली येतं, आकडा खुंटीवर दाबून बसतो आणि सुटायला जोर लागतो. किंवा कुणीतरी जास्त जाड रबर बसवलंय. अशा दाराला कितीही तेल घाला, फरक पडणार नाही. बिजागरी आणि खुंटी नीट करावी लागते. उघड्या दारातही बटण जड असेल तरच खोट लॉकमध्ये आहे.

एक सावधगिरी. ही परीक्षा झाल्यावर बटण दाबून आकडा परत सोडा, मगच दार लावा. आकडा बंद ठेवून दार आपटलं तर आकडा किंवा खुंटी वाकते, आणि साधं काम महागात पडतं.

अडलेल्या वेळेला दार उघडायचं असेल तर लाथा मारू नका. एकीनं कमरेनं दार आत दाबून धरायचं, दुसरीनं त्याच वेळी बटण दाबायचं. दार आत दाबलं की आकड्यावरचा भार कमी होतो आणि तो सुटतो. त्या रात्री हे माहीत असतं, तर कदाचित दार उघडलं असतं.

बटण मोकळं करायची रीत

यासाठी जुना सुती कपडा, जुना दात घासायचा ब्रश, साबणाचं पाणी, गंज सोडवायचा स्प्रे आणि शिलाई मशीनचं तेल लागतं. मशीनचं तेल प्रत्येक गटात कुणा ना कुणाकडं असतंच. स्प्रे गाडीच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो.

१. आधी धुवा. ब्रशनं साबणाचं पाणी लावून बटणाच्या भोवतीची आणि आकड्याची माती काढा. मातीवर तेल घातलं तर घासायचा लेप तयार होतो, हे विसरू नका.

२. पुसा आणि उन्हात तासभर वाळू द्या.

३. स्प्रेची नळी बटणाच्या कडेला धरून थोडं मारा. आकड्यावरही मारा. दहा मिनिटं थांबा.

४. बटण वीस-तीस वेळा दाबा-सोडा. काळं पाणी बाहेर येईल, ते पुसा. स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा.

५. स्प्रेचं काम घाण सोडवायचं. तो उडून गेला की लॉक कोरडं पडतं. म्हणून शेवटी मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब बटणाला आणि आकड्याच्या खिळ्याला सोडा. आकडा जिथं खुंटीला घासतो तिथं बोटानं ग्रीसचा पातळ हात फिरवा. जास्तीचं पुसून टाका. ओलं तेल दिसलं की धूळ तिथंच बसायला येते.

६. किल्लीच्या भोकात तेल घालू नका. शिसपेन्सिलीचं टोक तासून त्याची बारीक भुकटी किल्लीला चोळा आणि किल्ली दहा वेळा फिरवा. कुलूप मऊ चालतं आणि धूळ धरत नाही.

यानंही बटण मोकळं झालं नाही तर दाराचा आतला पॅड काढावा लागतो. काच वर चढवून ठेवा. काच फिरवायचा दांडा आणि कळ यांचे स्क्रू सोडवा, पॅडच्या कडेच्या क्लिपा एकेक करून हलक्या हातानं काढा. कुठला स्क्रू कुठला ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पत्र्याच्या कडा विळीसारख्या धारदार असतात, म्हणून हातमोजे किंवा जाड फडकं हवंच. तुमचा हात दारात असताना कुणीही काच फिरवायची नाही. काचा बटणावर चालत असतील तर आधी बॅटरीची उणे बाजूची वायर सोडा.

आत दांडीची क्लिप निघालेली दिसली तर ती परत बसवता येते. स्प्रिंग तुटलेली असेल तर तीच बरोबर घेऊन दुकानात जा, म्हणजे मापाची मिळते.

घरातलं तेल लॉकमध्ये घालू नका

ही चूक आपण बाया हमखास करतो. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. हिवाळ्यात सकाळी बाटलीतलं तेल पांढरं घट्ट होतं ते आपण बघतोच. तसंच ते लॉकमध्ये होतं, आणि सकाळच्या पहिल्या फेरीला बटण हलत नाही. करडई आणि जवसाचं तेल तर हवा लागली की सुकून चिकट थर धरतं. तेलाच्या बुधलीच्या तोंडावर बोटाला जे चिकटतं ना, तेच. जळकं ऑइल घातलं तर इंजिनातली काजळी आणि बारीक कचरा त्याच्याबरोबर लॉकमध्ये जातो. आमच्या दारातून जे चिकट निघालं, ते आम्हीच वर्षभर घातलेलं घरचं तेल होतं.

गळती शोधताना : दिसतं तिथून पाणी आलेलं नसतं

पत्र्याच्या घरात हे आपण अनुभवलंय. पाणी चुलीवर टपकतं, पण भोक असतं आढ्याजवळ. पत्र्याच्या नळीतून, लाकडाच्या कडेकडेनं पाणी फिरत येतं. गाडीतही तसंच. टपावरच्या कॅरिअरच्या बोल्टातून शिरलेलं पाणी चौकटीच्या आतून उतरतं आणि ड्रायव्हरच्या पायाशी पडतं. आपण मात्र दाराचं रबर बदलून बसतो. म्हणून आधी शोधा, मग खर्च करा.

यासाठी दोघी लागतात. एकीनं बॅटरी आणि कोरडं फडकं घेऊन आत बसायचं. मॅट काढायची, सगळं पुसून कोरडं करायचं. दुसरीनं बाहेरून नळीनं किंवा झारीनं पाणी सोडायचं. पाणी नेहमी खालून वर सोडत जायचं. आधी दाराची खालची बाजू, मग काचेची खालची कडा, मग वरची, सगळ्यात शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी तीन-चार मिनिटं थांबायचं. टपापासून सुरुवात केली तर पाणी सगळीकडं ओघळतं आणि नेमकं कुठून आलं ते कळत नाही. आतलीला ओल दिसली की तिनं हाक मारायची आणि तिथं खडूनं खूण करायची.

ओल बारीक असेल तर जोडाच्या आतल्या बाजूनं कोरडी रांगोळी भुरभुरा. पाणी जिथून येतं तिथं रांगोळीत ओली रेघ उमटते.

दाराचं रबर नीट दाबतंय का हे बघायला पाणीही लागत नाही. जुन्या वर्तमानपत्राची पट्टी रबरावर ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. घट्ट धरली असेल तर रबर ठीक. सहज निघून आली तर त्या जागी फट आहे. अशी पट्टी दाराच्या चारही बाजूंनी फिरवा.

कुठं गळतं आणि काय करायचं

दाराचं रबर. आधी धुवा. कित्येकदा माती बसल्यानंच ते नीट टेकत नाही. कडक झालं असेल तर थोडं ग्लिसरिन चोळा. ग्रीस, डिझेल, रॉकेल लावू नका, रबर फुगतं आणि सैल पडतं. फाटलं किंवा चपटं झालं असेल तर बदला. जुन्याचा तुकडा कापून दुकानात न्या, तसंच मागा. नवीन रबराचा जोड वरच्या बाजूला घेऊ नका, दाराच्या खालच्या कडेला घ्या.

दाराच्या पॅडमागचं प्लास्टिक. हे कुणाच्या लक्षात येत नाही. पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा पडदा असतो. दारातलं पाणी पॅडवर येऊ नये म्हणून तो ठेवलेला असतो. काच किंवा लॉक दुरुस्त करताना तो फाटतो आणि पुष्कळदा परत लावलाच जात नाही. मग रबर नवं असूनही पाणी येतं. खताच्या पिशवीच्या आतलं जाड प्लास्टिक धुवून, वाळवून, मापात कापून लावा. कडेला चांगल्या चिकटपट्टीनं किंवा रबराच्या सोल्यूशननं चिकटवा. खालचं टोक दाराच्या आतल्या पोकळीत सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी परत दारातच जाईल आणि भोकातून बाहेर पडेल.

पुढची मोठी काच. हिच्या खालच्या दोन कोपऱ्यांत पाणी शिरतं. रबर आणि काच यांच्यातली माती काडीनं काढून, पूर्ण वाळवून, गाडीच्या काचेसाठी मिळणारं सीलंट त्या फटीत भरा.

वायपरच्या खालची जाळी. गाडी लिंबाखाली उभी राहत असेल तर इथं पाला साचतो, खालची वाट बुजते आणि पाणी डाव्या-उजव्या पायात येतं. बोनेट उघडून पाला हातानं काढा. फुकटचं काम आहे, आणि पुष्कळ गळत्या एवढ्यावर थांबतात.

टपाचे जोड आणि कॅरिअरचे बोल्ट. बोल्ट सोडवा, खाली रबराचा वॉशर घाला, सीलंट लावून कसा. टपाच्या कडेच्या पन्हळीत जुना मसाला तडकला असेल तर तो खरवडून काढा, मग नवा भरा. तडकलेल्यावरच नवा थापला तर पाणी खालून फिरतं.

खालचा पत्रा. खाली रबरी बुचं असतात. एखादं पडलं असेल तर चाकानं उडवलेलं पाणी तिथून येतं. नवीन बुच स्वस्त मिळतं.

कापडी हूड असेल तर गळती शिवणीतून होते. कापड पूर्ण वाळवून शिवणीवर मेणबत्ती दोन्ही बाजूंनी चोळा, मेण दोऱ्याच्या भोकात बसतं.

दोन सूचना. एक, ओल्या किंवा मातकट पत्र्यावर कुठलाच मसाला धरत नाही, म्हणून हे काम मिरगाच्या आधी, नाहीतर उघडीप बघून करा. दोन, सिलिकॉनच्या काही ट्यूबांना आंबट वास येतो. ते काचेला चालतं, पण उघड्या लोखंडाला गंज लावतं. दुकानात सांगा, पत्र्यावर लावायचंय.

आणि काहीही झालं तरी दाराच्या खालची भोकं एम-सीलनं बुजवू नका. "खालून पाणी येतंय" म्हणून ती बुजवलेली दारं मी बघितलीत. ते भोक पाणी आत घेत नाही, बाहेर सोडतं.

गळती थांबली, काम संपलं नाही

मॅट आणि खालचा फोम काढून दोन दिवस कडक उन्हात टाका. वरून कोरडी दिसणारी मॅट खालून ओली असते आणि पत्रा खात राहते. पत्र्यावर गंज असेल तर पॉलिश पेपरनं घासा, पुसा, रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, वाळल्यावर रंग द्या. हाताच्या दाबानं पत्रा दबत असेल किंवा आरपार दिसत असेल तर तो रंगानं झाकू नका. तिथं वेल्डिंगच हवं.

मिस्त्रीकडं कधी जायचं? बिजागरी झिजलीय, काच काढून बसवायचीय, पत्रा सडलाय किंवा पाणी वायरिंगपर्यंत पोचलंय, तेव्हा. पण जाताना खडूची खूण दाखवा, काय करून बघितलं ते सांगा आणि काढलेला जुना पार्ट परत मागा. माहिती असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणं वेगळं होतं.

गाडीची वही

गटाची वही ठेवतो तशी गाडीची वही ठेवा. महिन्यातून एकदा, मासिक बैठकीच्या दिवशी, एवढं बघा आणि तारखेसह लिहा :

सगळी दारं आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडतात का.
बटण कुठं जड लागतंय का.
दाराच्या खालची भोकं मोकळी आहेत का (तांब्याची परीक्षा).
वायपरखाली पाला साचलाय का.
मॅटखाली ओल आहे का.
मागच्या महिन्यापासून काय खर्च झाला.

पावसाळ्यात हेच दर पंधरा दिवसांनी. श्रावणात आणि महाशिवरात्रीला नागनाथाच्या दर्शनाची गर्दी असते. गाड्या भरून धावतात, दारं दिवसभर उघड-झाक होतात. त्या आधी तर नक्कीच. आणि दारं कितीही चांगली असोत, पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. पाण्याच्या दाबापुढं चांगलं दारही उघडत नाही.

आमच्या जीपचं ते मागचं दार आता एका बोटानं उघडतं. गाडी पहिल्या फेरीला काढायच्या आधी मी ते रोज एकदा उघडून बघते. तुमच्या गाडीचं कुठलं बटण आज जड लागतंय? जोर लावून पुढं जाऊ नका. येत्या मासिक बैठकीला गाडी घेऊन या, मशीनचं तेल आणि जुना ब्रश बरोबर आणा. आपण सगळ्याजणी मिळून ते दार उघडून बघू.